ट्रक कॅम्पर घ्यायचा आहे: वजन, वीज, स्वयंपाक, रस्ते... अनुभवींनी सांगा

मोगरा_डेन्व्हर

नमस्कार मंडळी. आम्ही डेन्व्हरजवळ राहतो. आम्ही दोघं, मुलगी नऊ वर्षांची, मुलगा पाच वर्षांचा. दारात २०१९ ची फोर्ड एफ-१५० आहे, क्रू कॅब (चार दारांची), मागचा बेड म्हणजे सामानाचा हौदा साडेपाच फुटी. तंबू मुलांना फार आवडतो, पण ऑक्टोबर लागला की कोलोरॅडोच्या डोंगरात रात्री तंबूत झोपणं पाच वर्षांच्या मुलाला झेपत नाही. ट्रेलर घराबाहेर उभा करायला आमच्या वसाहतीच्या नियमांत परवानगी नाही. म्हणून ट्रकच्या बेडवर बसणारा कॅम्पर, म्हणजे झोपायची-स्वयंपाकाची फिरती खोली, घ्यायचं डोक्यात आहे. नको तेव्हा उतरवून मागच्या अंगणात ठेवता येईल.

गेल्या आठवड्यात एका डीलरकडे गेलो. त्यांनी संडास-बाथरूमसकट हार्ड साइड कॅम्पर दाखवला. तुमच्या ट्रकवर आरामात बसेल, मागे एअर बॅग (स्प्रिंगना आधार देणाऱ्या हवेच्या पिशव्या) टाकल्या की झालं, असं म्हणाले. कॅम्पर मनात भरलाय, पण ब्रोशरमधला वजनाचा आकडा पाहून शंका येते. हार्ड साइड (कडक भिंतींचा) घ्यावा की पॉप-अप (छत वर उचलायचं, मध्ये कॅनव्हासच्या भिंती)? वापरणाऱ्यांनी मोकळेपणाने सांगा. वीज, स्वयंपाक, थंडी, कुठे मुक्काम करता, सगळंच ऐकायचं आहे.

वाटसरू

मोगरा, तुमची शंका अगदी रास्त आहे. डीलरकडे परत जाण्याआधी एक काम करा. ट्रकचं ड्रायव्हरकडचं दार उघडा. दाराच्या चौकटीवर टायरच्या हवेची माहिती देणारा पांढरा-पिवळा स्टिकर असतो. माणसं आणि सामान मिळून वजन इतक्या पौंडांच्या वर जाता कामा नये, असं त्यावर लिहिलेलं असतं. तोच तुमच्या ट्रकचा पेलोड. जाहिरातीत एफ-१५० चा जो पेलोड सांगतात तो सर्वांत हलक्या, बिनसुविधांच्या ट्रकचा असतो. सनरूफ, चामड्याच्या सीट, फोर बाय फोर, प्रत्येक गोष्ट त्यातून वजा होत जाते. शेजाऱ्याच्या तशाच दिसणाऱ्या ट्रकचा आकडा तुम्हाला चालत नाही.

या आकड्यात इंधनाची टाकी भरलेली धरलेली असते, पण माणसं धरलेली नसतात. ड्रायव्हरसुद्धा त्यातच मोजायचा.

आता कॅम्परकडून. ब्रोशरमधलं कोरडं वजन म्हणजे पाणी, गॅस, बॅटरी, गाद्यांवरची पांघरुणं, डबे, कपडे यातलं काहीही नसलेला कॅम्पर. कित्येकदा एसी, ऑनिंग (बाहेरचं सावलीचं छप्पर) आणि चार कोपऱ्यांचे जॅक (कॅम्पर उचलायचे पाय) हेही त्यात नसतात. पाण्याचा एक गॅलन ८.३४ पौंडांचा. तीस गॅलनची टाकी भरली की अडीचशे पौंड तिथेच गेले. वीस पौंडी प्रोपेनचा सिलिंडर भरलेला असताना लोखंडासकट ३७ पौंडांच्या आसपास भरतो.

एअर बॅगबद्दल स्पष्ट सांगतो. एअर बॅग, जाड स्प्रिंग, स्वे बार यांनी ट्रकचं मागचं बूड खाली बसत नाही, डोलणं कमी होतं. चांगल्या वस्तू आहेत, माझ्या ट्रकलाही आहेत. पण त्यांनी पेलोड एका पौंडानेही वाढत नाही. अॅक्सल (चाकांचा आस), चाकं, टायर, ब्रेक तेच राहतात. संडास-बाथरूमवाला हार्ड साइड भरल्यावर साडेतीन हजार पौंडांपर्यंत सहज जातो. तो एक टनी ट्रकचा माल आहे ('एक टनी', 'अर्धा टनी' ही ट्रकच्या वर्गांची नावं, प्रत्यक्ष क्षमता नव्हे; तुमची एफ-१५० अर्ध्या टनी). अर्ध्या टनी ट्रकवर तो 'आरामात' बसेल असं सांगणाऱ्याने तुमच्या मुलांचा विचार केलेला नाही.

मोगरा_डेन्व्हर

आत्ताच बघून आले. १,५६० पौंड लिहिलंय. मला वाटलं होतं निदान दोन हजार तरी असेल.

वाटसरू

मग हिशेब इथेच करू या, पुढच्या वाचणाऱ्यांनाही उपयोगी पडेल. तुम्ही चौघं आणि मुलांच्या सीट मिळून ४४० पौंड धरू. उरले १,१२०. पूर्ण सुविधांचा पॉप-अप, म्हणजे फ्रिज, शेगडी, हीटर सगळं आत बसवलेला, साधारण १,१०० पौंड कोरडा. हातात राहिले वीस. पाण्याची एक कॅनही बसत नाही.

आता दुसरा मार्ग. पॉप-अपचंच रिकामं शेल मिळतं: छत, कॅनव्हास, वरचा पलंग आणि खाली मोकळी जागा. ते आठशे पौंडांच्या आसपास धरा. उरले ३२०. दहा गॅलन पाणी ८३ पौंड, सिलिंडर ३७. उरले दोनशे. त्यात एक लिथियम बॅटरी, छोटा फ्रिज, पांघरुणं, कपडे, खाणं आणि हत्यारांची पेटी बसवायची. जमतं, पण प्रत्येक वस्तू उचलून पाहून घ्यावी लागते.

तिसरा मार्ग ट्रक बदलण्याचा. एक टनी, मागे एकेरी चाकं असलेल्या ट्रकला साडेतीन ते चार हजारांपर्यंत पेलोड मिळतो, मागे दुहेरी चाकं असतील तर त्याहून बराच जास्त. तिथेही स्टिकर बघूनच घ्या. डिझेल इंजिन पेट्रोलपेक्षा कित्येकशे पौंड जड असतं आणि ते वजन थेट पेलोडमधून जातं. डोंगर चढताना डिझेल छान वाटतं, पण कॅम्परसाठी पेट्रोल इंजिनचा एक टनी ट्रक हा फार शहाणा सौदा आहे, असं माझं ठाम मत आहे.

जुना_मेकॅनिक

वाटसरूंच्या बोलण्याला पूर्ण पाठिंबा. थोडी भर.

कागदावरचा हिशेब झाला की काट्यावर जा. हायवेवरच्या ट्रक थांब्यांवर कॅट स्केल नावाचे वजनकाटे असतात. पाण्याची टाकी भरून, चौघांना बसवून, सगळं सामान लादून काट्यावर उभे राहा. पुढच्या अॅक्सलचं वेगळं आणि मागच्याचं वेगळं वजन छापून मिळतं. दाराच्या चौकटीवर दोन्ही अॅक्सलची मर्यादाही लिहिलेली असते, तिच्याशी ताडून बघा. एकूण वजन मर्यादेत असूनही मागचा अॅक्सल ओलांडलेला, असं या गाड्यांत नेहमी दिसतं.

कॅम्परच्या बाजूला गुरुत्वमध्याची खूण किंवा बाण असतो. कॅम्पर बेडमध्ये पूर्ण आत बसल्यावर ती खूण मागच्या अॅक्सलच्या पुढे यायला हवी. मागे आली तर पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग सैल लागतं. साडेपाच फुटी बेडवर आठ फुटी बेडसाठीचा कॅम्पर टाकला की नेमकं हेच होतं.

टायर लोड रेंज ई चे, म्हणजे जड वजनासाठी बनवलेले, हवेत. बाजूच्या भिंतीवर एका टायरची क्षमता कोरलेली असते. दोन मागच्या टायरची बेरीज काट्यावरच्या मागच्या अॅक्सलच्या वजनापेक्षा चांगली जास्त असू दे. शेजारीच डॉट क्रमांक असतो, त्याचे शेवटचे चार आकडे म्हणजे बनवल्याचा आठवडा आणि वर्ष. नक्षी कितीही चांगली दिसली तरी जुनं रबर उन्हाने कडक झालेलं असतं, आणि ॲरिझोनाच्या उन्हात भरलेल्या कॅम्परखाली ते दगा देतं.

पावसाळी_सिएटल

मोगरा, तुमच्याकडे भारतातून आई-बाबा येतात का? येत असतील तर त्यांचा विचार आत्ताच करा. कॅबच्या वरचा पलंग म्हणजे गुडघ्यांवर रांगत चढायची जागा, आणि वर बसलं की डोकं छताला लागतं. रात्री बाथरूमसाठी उठायचं तर शेजारी झोपलेल्याला ओलांडून खाली. माझ्या सासूबाई उत्साहाने वर चढल्या, पण उतरताना त्यांच्या गुडघ्यांना झालेला त्रास बघवत नव्हता. त्यानंतर त्या खाली टेबलाच्या जागी जो पलंग होतो त्यावर झोपतात. मागच्या दाराच्या पायऱ्याही उंच असतात. दाराशेजारी मजबूत कठडा बसवून घ्या आणि जमिनीवर ठेवायचं रुंद स्टूल सोबत असू द्या.

आणखी एक. क्रू कॅबमध्ये बहुतेक ट्रकना पाचच जागा. आजी-आजोबा धरून सहा जण झाले की कुणीतरी म्हणतं, मी मागे कॅम्परमध्ये झोपून येतो. काही राज्यांत कायदा तशी परवानगी देतो, काहींत देत नाही. कायदा काहीही असो, मागे पट्टे नाहीत, भांडी-डबे सुटले तर अंगावर येतात. आमच्या घरात चालत्या गाडीत कुणीही मागे बसत नाही. सहा जण असले तर दुसरी गाडी काढतो आणि आई-बाबांसाठी कॅम्पग्राउंडमधली केबिन घेतो. अंगत-पंगत एकत्रच होते.

चूल_बोळकी

स्वयंपाकाचा विषय माझ्या जिव्हाळ्याचा, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, कुकर न्याच. वजन कितीही मोजा, तीन लिटरचा अॅल्युमिनियमचा कुकर यादीतून काढू नका. यूटातल्या ब्राइस कॅन्यनचा कडा आठ ते नऊ हजार फुटांवर आहे. तिथे पाणी ९२ अंश सेल्सिअसच्या आसपासच उकळतं. उघड्या पातेल्यात तूरडाळ तासभर ठेवली तरी दाणा मऊ होत नाही, आणि तेवढ्यात सिलिंडर आणि पाणी दोन्ही वाया जातं. कुकरात खाली भात, वर डब्यात डाळ, एका आचेवर जेवण तयार. पाणीही मोजकं लागतं.

दुसरी गोष्ट वाफेची. चार माणसांचा श्वास, ओले मोजे आणि त्यात स्वयंपाकाची वाफ. बाहेर थंडी असली की सगळं पाणी खिडक्यांवर आणि गादीखाली जमतं. सकाळी गादी उचलून खालची फळी हाताने चाचपून बघा, ओली लागेल. उपाय असा: छताचा पंखा स्वयंपाक करताना पूर्ण चालू, दुसऱ्या टोकाची खिडकी दोन बोटं उघडी. थंडी आत येईल म्हणून सगळं बंद करण्याचा मोह आवरा. गादीखाली हवा खेळती ठेवणारी जाळी टाकली की बुरशी धरत नाही.

फोडणी मी बाहेरच करते. आतली चिमणी नावापुरती असते. मिरची-लसणाची फोडणी आत दिली की धुराचा अलार्म वाजतो, आणि वास कॅनव्हासमध्ये, पांघरुणांत पुढचे कितीतरी दिवस राहतो. घडीचं टेबल आणि एक आचेची छोटी शेगडी बाहेर मांडायची, वाऱ्याच्या बाजूला आडोसा करायचा. अस्वलांच्या प्रदेशात मात्र शेगडी, तेलाची बाटली, खरकटं, काही म्हणता काही बाहेर ठेवायचं नाही. उष्टी ताटंसुद्धा नाहीत.

भांडी घासायची आमची रीत इथे बदलावी लागते. सांडपाण्याची टाकी दहा-पंधरा गॅलनची असते आणि ती पिण्याची टाकी संपायच्या आधी भरते. ताटं आधी कागदाने कोरडी पुसून घ्या, मग थोड्या पाण्यात धुवा. तेल आणि डाळीचा गाळ टाकीत गेला की उन्हाळ्यात दुसऱ्याच दिवशी वास येतो. हळदीचे डाग पांढऱ्या प्लास्टिकच्या सिंकवर पडतात, ते तासाभराच्या कडक उन्हाने फिके होतात.

शिदोरीत थालीपिठाची भाजणी, मेतकूट, भाजलेला रवा, दाण्याची चटणी, कोरडी भेळ. भाजणी मला सर्वांत भरवशाची वाटते. कांदा चिरला, पाणी घातलं, तव्यावर थापलं, मुलं पोटभर जेवतात आणि एकच तवा धुवायचा.

मोगरा_डेन्व्हर

चूल_बोळकी ताई, हे वाचून यादीच बदलली. कुकरचं वजन मी काढूनच टाकलं होतं, परत घातलं.

विजेचं कुणी सांगेल का? आमच्याकडे हुकअप (वीज-पाण्याची जोडणी) असलेल्या कॅम्पग्राउंडला जायची फार इच्छा नाही. मोकळ्या रानात थांबायचंय.

सूर्यावर_चालतो

मी सांगतो. १०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी म्हणजे साधारण १,२८० वॉट-तास. बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज हवामानाप्रमाणे दिवसाला ३० ते ५० अँपिअर-तास खातो. दिवे आणि फोन किरकोळ. खरा खादाड हीटर. प्रोपेनचा असला तरी गरम हवा ढकलणारा पंखा बॅटरीवरच चालतो, आणि थंडीच्या रात्री तो सारखा सुरू-बंद होतो. सकाळी बॅटरी रिकामी सापडते ती बहुतेक वेळा त्यामुळे.

भरायचे दोन रस्ते. छतावर २०० वॉटचं सौर पॅनेल उन्हाळ्यात यूटात भरपूर होतं. डिसेंबरात सूर्य इतका खाली असतो की आडव्या पॅनेलमधून फार कमी मिळतं. पॉप-अपच्या छतावर पॅनेल लावताना लक्षात ठेवा, ते वजन दर वेळी छत उचलताना उचलावं लागतं.

दुसरा रस्ता ट्रकचा आल्टरनेटर. पुष्कळ लोक ट्रकच्या मागच्या, ट्रेलरसाठीच्या सात पिनांच्या प्लगवर विसंबतात. त्या तारा बारीक असतात, लांब जातात, व्होल्टेज पडतं आणि बॅटरीपर्यंत मोजकेच अँपिअर पोहोचतात. ट्रकच्या बॅटरीपासून मागे जाड केबल ओढा, दोन्ही टोकांना फ्यूज टाका आणि कॅम्परमध्ये २० ते ४० अँपिअरचा डीसी-टू-डीसी चार्जर बसवा. तीन तास गाडी चालवली की बॅटरीला चांगलं बळ येतं. पैसे मर्यादित असतील तर मी सौर पॅनेलआधी हा चार्जर घेईन.

तुम्ही कोलोरॅडोत आहात म्हणून सांगतो, लिथियम बॅटरी शून्य अंश सेल्सिअसखाली गेलेली असताना चार्ज करायची नाही, आतले सेल कायमचे बिघडतात. चांगल्या बॅटरीत तशी रोखणारी यंत्रणा असते, तरी बॅटरी बाहेरच्या कप्प्यात न ठेवता आत उबेत ठेवा.

जुना_मेकॅनिक

विजेबरोबर गॅस आणि कार्बन मोनॉक्साइडचे अलार्मही बघा. त्यांनाही मुदत असते, साधारण पाच ते सात वर्षं, मागच्या बाजूला तारीख असते. जुना कॅम्पर घेतला की हे दोन्ही त्याच दिवशी नवे बसवा. वरच्या पलंगाशेजारची आपत्कालीन खिडकी नऊ वर्षांच्या मुलीला स्वतः उघडता येते का, तेही करून बघा.

वाळवंटातली_वाट

रस्त्यांबद्दल मी लिहितो. ॲरिझोना, यूटा आणि मोंटाना बरंच फिरलोय.

ट्रक कॅम्पर कुठेही जातो असं म्हणतात. बऱ्याच अंशी खरं आहे आणि म्हणूनच मला तो इतका प्रिय आहे. पण मापं पाठ हवीत. कॅम्पर चढवल्यावर, वरच्या एसीसकट, जमिनीपासून उंची मोजा आणि काचेच्या वर आतून चिकटवून ठेवा. आरशांसकट रुंदी आणि पुढच्या बंपरपासून मागच्या शिडीपर्यंत लांबीही लिहा.

ग्लेशियर नॅशनल पार्कच्या गोइंग-टू-द-सन रोडवर अॅव्हलांच कॅम्पग्राउंड ते रायझिंग सन या टप्प्यात २१ फुटांपेक्षा लांब किंवा आरशांसकट ८ फुटांपेक्षा रुंद गाडीला बंदी आहे. तुमच्या एफ-१५० वर छोटा पॉप-अप असेल तर लांबीत तुम्ही मोजून-मापून आत बसाल, रुंदी मात्र आरशांसकट मोजून बघा. एक टनी, क्रू कॅब, आठ फुटी बेडचा ट्रक मोकळा असतानाच २१ फुटांच्या बाहेर जातो. ट्रक बदलायचा विचार असेल तर हेही तराजूत टाका. झायनचा १९३० साली झालेला बोगदा दुसरं उदाहरण. ११ फूट ४ इंचांहून उंच किंवा ७ फूट १० इंचांहून रुंद गाडी त्यातून नेहमीच्या दुतर्फा वाहतुकीत जाऊ शकत नाही. निघण्याआधी पार्कच्या साइटवर ताजा नियम वाचा, हे नियम बदलत असतात.

यूटातल्या मेक्सिकन हॅटजवळचा मोकी डगवे मला फार आवडतो. तीन मैलांचा कच्चा, कड्यावरून वळणं घेत उतरणारा रस्ता, खाली व्हॅली ऑफ द गॉड्सचा लाल पट्टा पसरलेला. तिथे २८ फूट आणि १०,००० पौंडांच्या वर गाडी आणू नये अशी शिफारस आहे. लांबीत आपण सगळे बसतो, वजनात मोठे हार्ड साइड बसत नाहीत. काट्याची पावती इथे कामी येते.

दक्षिण यूटातल्या मातीचंही सांगून ठेवतो. कॉटनवूड कॅन्यनसारखे रस्ते कोरडे असताना साध्या गाडीनेही पार होतात. पाऊस पडला की तीच माती चिकट लोण्यासारखी होते, फोर बाय फोर असो वा नसो, जड ट्रक आडवा सरकतो. ढग दिसले तर आत शिरू नका, आत असाल तर आहात तिथे थांबा आणि माती वाळू द्या. म्हणून दोन दिवसांचं जास्तीचं पाणी आणि शिधा.

आय-७० महामार्गावरून आयझेनहॉवर बोगद्यातून डेन्व्हरकडे उतरताना टो-हॉल मोड (जड ओझ्यासाठीची गिअरची सोय) चालू आणि गिअर खालचा. सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर ब्रेक तापून धरेनासे होतात. आणि वायोमिंगला जाल तेव्हा आय-८० वर लॅरमी ते रॉलिन्सच्या पट्ट्यात वाऱ्याचा अंदाज बघितल्याशिवाय निघू नका. हलक्या आणि उंच गाड्यांना रस्ता बंद, अशी पाटी तिथे लागते. पाटी लागली की लॅरमीत थांबा.

मुक्कामासाठी बीएलएमची (ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या सरकारी खात्याची) मोकळी जमीन उत्तम. बहुतेक ठिकाणी एका जागी १४ दिवसांची मर्यादा. आधी वापरलेल्या जागेवरच उभे राहा, नवी चाकोरी पाडू नका. सांडपाणी जमिनीवर सोडू नका. लोक सोडतात, मग ती जागा सगळ्यांसाठीच बंद होते.

पावसाळी_सिएटल

पॉप-अप घेणार असाल तर यलोस्टोनच्या फिशिंग ब्रिज आरव्ही पार्कमध्ये मुक्काम मिळणार नाही. तिथे अस्वलांमुळे फक्त कडक भिंतींच्या गाड्या घेतात, कॅनव्हासच्या नाहीत. पार्कात इतरत्र जागा आहेत, पण बुकिंग करताना ही ओळ शोधून वाचा.

आणि पावसात कॅनव्हास ओला असताना छत खाली घेतलं तर घरी पोहोचल्यावर त्याच दिवशी उघडून वाळवा. आमच्याकडे सिएटलला दोन दिवसांत काळे ठिपके उमटतात.

मोगरा_डेन्व्हर

कॅम्पर चढवणं-उतरवणं किती अवघड आहे? नवरा म्हणतो, व्हिडिओ बघून जमेल. मला त्या चार बारीक पायांवर उभा असलेला कॅम्पर बघून धडकी भरते.

वाटसरू

जमतं, पण घाई असलेल्या दिवशी करू नका. क्रम सांगतो.

जमीन सपाट आणि कडक. उतारावर कधीही नाही. बेड झाडून रबरी मॅट अंथरा. मॅटमुळे कॅम्पर घसरत नाही आणि बेडला ओरखडे पडत नाहीत. बेडच्या मध्यावर आणि कॅम्परच्या पुढच्या भिंतीच्या मध्यावर रंगीत टेप लावा, मागे घेताना दोन्ही रेघा एका ओळीत ठेवायच्या. कॅम्पर नाकाकडून किंचित उंच असू दे. मग ट्रक अगदी सावकाश मागे. चालवणारा एकच, बघणारा एकच, आणि बघणाऱ्याने थांब म्हटलं की लगेच थांबायचं. दोन्ही बाजूंना चाकांच्या कमानीपाशी अंतर बघत राहायचं. दोन जण दोन दिशांनी ओरडायला लागले की जॅकला धक्का लागतो. मुलं घरात.

पुढच्या ठोकळ्याला टेकला की जॅक थोडे थोडे करत चारही सारखे खाली. वजन बेडवर आलं की बांधणीचे चार टर्नबकल (पिळून ताणायचे हुक) लावा. बांधणी चेसिसला, म्हणजे ट्रकच्या खालच्या सांगाड्याला, असावी. २०१५ पासून एफ-१५० चा बेड अॅल्युमिनियमचा आहे, त्याच्या पत्र्याला हुक लावून भरलेला कॅम्पर धरून ठेवायची अपेक्षा करू नका. वीस-तीस मैलांवर थांबून चारही परत तपासा, कॅम्पर बसतो आणि एखादा सैल होतोच.

उतरवताना सर्वांत महत्त्वाचं: जॅकचं बटण दाबण्याआधी चारही टर्नबकल सुटलेत का आणि विजेचा प्लग निघालाय का, हे हात लावून बघा. नजरेने नाही, हात लावून. एक टर्नबकल राहिला तर जॅक कॅम्परबरोबर ट्रकही उचलायला बघतो आणि काहीतरी तुटतं. उतरवून झालं की कॅम्पर शक्य तितका खाली आणा, पायांखाली लाकडी ठोकळे द्या. उंच ठेवलेला कॅम्पर वाऱ्यात हलतो. तुमची धडकी बरोबर आहे, त्या पायांवर उंच असताना आत कुणी चढायचं नाही.

पुण्याहून

विषयांतराबद्दल क्षमस्व. पुढच्या वर्षी आम्ही दोघं कॅनडात फिरायला येणार आहोत. विकत न घेता भाड्याने मिळतो का?

वाटसरू

मिळतो. व्हँकुव्हर आणि युकॉनमधल्या व्हाइटहॉर्सला ट्रक कॅम्पर भाड्याने देणाऱ्या कंपन्या आहेत. दोघांसाठी उत्तम. कच्च्या रस्त्यांवर परवानगी आहे का आणि काचेचा विमा त्यात आहे का, हे करारात वाचून घ्या. उत्तरेत खडी उडून काच तडकते. मोगरा, तुम्हीही घ्यायच्या आधी तीन दिवस एखादा पॉप-अप भाड्याने घेऊन बघा. चौघं आत असताना कुणाला कुठे उभं राहायला मिळतं, हे शोरूममध्ये कळत नाही.

मोगरा_डेन्व्हर

सगळ्यांचे मनापासून आभार. घरी बसून हिशेब केला. ट्रक आत्ता बदलणं शक्य नाही, त्यामुळे हार्ड साइड बाद. शेल पॉप-अप बघतोय. ग्रँड जंक्शनला एक वापरलेला सापडलाय, शनिवारी बघायला जाणार. आतमध्ये फक्त शेगडी, छोटा हीटर आणि तीन वर्षं जुना फ्रिज आहे. काय काय तपासू?

जुना_मेकॅनिक

पाणी. बाकी सगळं दुरुस्त होतं, शिरलेलं पाणी सांगाडा कुजवतं. सांगाडा लाकडी आहे की अॅल्युमिनियमचा ते विचारा, लाकडी असेल तर दुप्पट वेळ द्या.

टॉर्च आणि ओलावा मोजायचं मीटर घेऊन जा, हार्डवेअरच्या दुकानात स्वस्तात मिळतं. कॅबच्या वर येणाऱ्या भागाचे पुढचे दोन कोपरे, वरच्या पलंगाखालची फळी, छताच्या पंख्याभोवती आणि जॅक जिथे भिंतीला बसवलेत त्याच्या आतल्या बाजूला, या जागा अंगठ्याने दाबत जा. मऊ लागलं किंवा भिंतीचा पापुद्रा फुगलेला दिसला तर परत फिरा. आत शिरल्या शिरल्या पहिला वास घ्या. सुगंधी फवारा मारलेला असेल तर सगळी दारं उघडून अर्ध्या तासाने परत आत जा. छतावर चढून सांध्यांवरचं सीलंट बघा. तडे असतील तर ते लावायला फार खर्च नाही, पण तडे किती जुने आहेत यावरून आत काय झालं असेल ते कळतं.

कॅनव्हासच्या घड्या उन्हाकडे धरून बघा, टाचणीएवढी भोकं घड्यांवरच पडतात. छत तुम्ही स्वतः उचलून आणि उतरवून बघा, विकणाऱ्याला करू देऊ नका. गाडीतून उतरून मुक्कामाला तुम्हालाच ते करायचंय.

कॅम्परवर वजनाची पट्टी असते, तिचा फोटो काढा आणि वाटसरूंच्या हिशेबात तो आकडा टाका. मालकाने नंतर बसवलेल्या वस्तू त्या पट्टीत नसतात, म्हणून शक्य असेल तर त्याच्या ट्रकवर चढवलेला असताना जवळच्या काट्यावर नेऊ द्या.

हिवाळ्यात पाण्याच्या नळ्यांत गुलाबी अँटीफ्रीझ भरत होते का, तेही विचारा. शेलमध्ये पंप आणि नळ असतील तर एका कडाक्याच्या रात्रीत ते फुटलेले असू शकतात. टाकीत पाणी भरून, पंप चालू करून दहा मिनिटं खाली जमिनीवर बघत राहा. आणि शुक्रवारीच फोन करून सांगा की सिलिंडर भरलेला आणि बॅटरी चार्ज केलेली असू दे. शेगडी, हीटर आणि फ्रिज तिन्ही तुमच्या डोळ्यांदेखत चालल्याशिवाय पैसे देऊ नका.